बाग कधी घ्यायची

नाना, दिवाळीच्या थोडं आधी एका सकाळी मी देवांना गंध लावायला गेलो आणि गंध आधीच लावलेलं होतं. ओलं होतं, म्हणजे नुकतंच लावलेलं. बाळकृष्णाच्या कपाळावरून एक ओघळ नाकापर्यंत आला होता. असा ओघळ माझ्याच हातून येतो, कारण मी सहाणेवर पाणी जास्त घालतो, आणि त्यावरून तुम्ही मला कितीदा तरी बोलला आहात. घरात दुसरं कुणी देवांना हात लावत नाही. तुमची सून स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. म्हणजे गंध मीच लावलं होतं, आणि ते लावल्याचं मला काहीही आठवत नव्हतं. बोट गंधात बुडवून मी तसाच बसून राहिलो. मग ते बोट सोवळ्याला पुसलं, आरती केली, नैवेद्य दाखवला आणि मुरारच्या बाजारात माझ्या विजेच्या सामानाच्या दुकानावर निघून गेलो. कुणाला काही बोललो नाही.

माधवगंजातला तो गणपती तुम्हाला आठवत नसणार, पण मला रोज आठवतो. यजमानांकडे मूर्तीची स्थापना होती. मी तुमच्या शेजारी दूर्वांचं तबक धरून बसलो होतो. तुम्ही पोथी कधी उघडतच नव्हता, सगळं मुखोद्गत. तुम्ही आचमन केलंत, संकल्प सोडलात आणि एकदम खड्या आवाजात निरोपाचे मंत्र म्हणायला लागलात, उत्तरपूजेचे. देवाला अजून बोलावलं नव्हतं आणि तुम्ही त्याला वाटेला लावत होता. मग यजमानांनीच सावरून घेतलं. "अहो गुरुजी, बाप्पा आत्ताच तर आले, बसू तर द्या त्यांना! चाय-वाय तो पीने दो!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. परत येताना सायकलवर मागे बसून तुम्ही मला विचारलंत, "ते का हसले रे?" तेव्हा तुमची साठीसुद्धा झाली नव्हती. पुढे तुम्ही मला दादा म्हणायला लागलात, तुमच्या थोरल्या भावाला म्हणायचात तसं, आणि मी ओ द्यायला शिकलो.

तेव्हापासून मी माझ्या डोक्याला कान लावून बसलेला माणूस आहे. मागच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक बल्बचा होल्डर मागत होतं. माझा हात बरोबर त्या खणाकडे गेला, वस्तू काढून मी काउंटरवर ठेवली, पण तिचं नाव तोंडात येईना. "हे घ्या," म्हणालो. निभावलं. पण त्यानंतर मी हळूहळू एकेक गोष्ट सोडत गेलो. मंडळात आरतीला पुढे उभा राहायचो, ते घसा बसतो असं सांगून सोडलं. लग्नकार्यात सोयऱ्यांची नावं चुकतील म्हणून जाणं कमी केलं. गावच्या शाळेतले सोबती वर्षातून एकदा जमतात, तिथे दुकानाचं कारण सांगितलं. मला वाटायचं, जेवढं थोडं जवळ ठेवीन तेवढं तरी वेळेवर हाताशी येईल.

आणि मग दिवाळीला मुलगी इंदूरहून आली ती पत्त्यांचा एक खेळ घेऊन. आपल्या रमी-बदामसातसारखा नाही तो. यात सगळ्यांना सुरुवातीला सारखेच थोडे, हलके पत्ते मिळतात. त्यांतले पाच हातात घ्यायचे, त्यांच्या किमतीत मधल्या ढिगांतून नवा पत्ता विकत घ्यायचा, आणि वापरलेले नि नवे सगळे बाजूला टाकायचे. आपली गड्डी संपली की ते पिसून त्यांचीच नवी गड्डी करायची. म्हणजे चांगला पत्ता तुम्ही घेतलेला असतो, तो तुमचाच असतो, तुमच्या गड्डीतच असतो, पण नेमका हवा तेव्हा हातात येईल असं नाही. तिनं हे समजावलं तेव्हा मी हातातले पत्ते खाली ठेवले. मी म्हणालो, "आपण बदामसात खेळू." ती म्हणाली, "बाबा, बैठो ना यार, एक डाव तर खेळा."

दर्पण कॉलनीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर दुपारच्या उन्हात आम्ही रोज खेळायला लागलो. या खेळात नुसत्या गुणांचेही पत्ते असतात. ते हातात आले तर काहीच कामाचे नसतात, जागा अडवतात. त्यांची मोजणी शेवटी. लवकर घेतले तर हात तुंबतो, उशीर केला तर ढीग संपून खेळच संपतो. त्यात बागेचं चित्र असलेला एक पत्ता होता. तुमच्या गड्डीत जितके पत्ते, त्यातल्या दर दहांमागे त्या बागेला एक गुण. पत्ता भारी की भिकार, हे ती बाग बघत नाही. मला ती बाग फार आवडली. पण त्याहून आवडला तो हलके पत्ते कायमचे बाहेर काढून टाकणारा पत्ता. मी एकेक करून पत्ते फेकले, गड्डी अगदी सडसडीत केली. हवं ते लगेच हातात यायला लागलं आणि मला किती दिवसांनी बरं वाटलं. आलेल्या पैशातून मी बागा घेतल्या.

डाव संपला. मोजणी झाली. माझ्या प्रत्येक बागेला एकेकच गुण. तिच्या गड्डीत सगळा कचरा होता, सुरुवातीचे पत्तेसुद्धा तिनं फेकले नव्हते, आणि तिच्या प्रत्येक बागेला चार-चार.

"बाबा, दोन्ही एकदम नाही चालत," ती हसत म्हणाली. "पत्ते भी फेंकोगे और बाग भी लगाओगे? बाग घ्यायची तर सुरुवातीलाच ठरवायचं. मग काही फेकायचं नाही. हात तुंबू द्यायचा. एखादी पाळी फुकट जाते, तर जाऊ द्यायची."

"आणि सारखाच तुंबला तर?"

"तर समोरच्याला सांगायचं, आज काही येत नाहीये, तू खेळ. इतना क्या डरना! तुम्ही ना, जिंकायला नाही, लाज वाचवायला खेळता."

तुमची सून चहा घेऊन वर आली होती. ती म्हणाली, "आत्ता ओळखलंस होय तू त्यांना?" दोघी हसल्या. मी पत्ते गोळा करायला घेतले, आणि तेच तेच पुन्हा मोजत बसलो. मुलीनं ते पाहिलं. हसणं थांबवून तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "बाबा, काय झालं?"

मी चौदा वर्षांचा असताना एका घरी पूजेत मंत्र अडला म्हणून तुम्हाला हळूच विचारलं होतं, "नाना, यानंतर काय?" घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "भिक्षुकानं यजमानासमोर विचारायचं नसतं. आठवायचं असतं." तुम्ही रागानं नव्हता बोलला, शिकवण म्हणून बोलला होता. भिक्षुकी मी केली नाही, पण ते वाक्य जन्मभर पाळलं. मला वाटतं, तुम्हीही ते पाळलंत. माधवगंजाच्या कितीतरी आधीपासून तुम्हाला अडत असणार, आणि तुम्ही एकट्यानं आठवत बसला असणार.

गच्चीवर मी त्या दोघींना सगळं सांगितलं. गंधाचं, होल्डरचं, मंडळाचं, तुम्ही मला दादा म्हणायचात त्याचंही. तुमच्या सुनेनं चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "बाळकृष्णाचं नाक मी रोज पुसते, कळलं? रोजच ओघळतं." मुलीनं आपली रजा वाढवली. परवा डॉक्टरांकडे जायचं आहे, ती बरोबर येणार आहे. काय निघेल ते देवाला ठाऊक. तुमच्याच वाटेनं जायचं असेल तर त्या वाटेची मला फार भीती वाटते नाना, आणि ती कमी झालेली नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तर इतकं लिहिता आलं.

आज सकाळी पूजेला बसलो. देवांना स्नान घातलं, पुसलं, ताम्हन बाजूला ठेवलं. मग हात सहाणेपाशी थांबला. लावलं की लावायचं आहे, काही केल्या उमगेना. मान खाली घालून देवांकडे पाहिलं असतं तर कळलं असतं. पाहिलं नाही. स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं, "अगं, गंध लावलं का मी?"

मुलगी दारात आली आणि वाकून पाहत म्हणाली, "नाही बाबा, अजून नाही. लावा."