टेकडीवरच्या घराची वाटणी

मी, खाली सही करणारा एमिल वाइसब्रोट, वय वर्षे शहात्तर, जन्म व्हिएन्ना, राहणार सोसुआ, डोमिनिकन प्रजासत्ताक, पूर्वीचा धंदा गाई पाळणे व चीज करणे, सध्याचा धंदा ओसरीत बसून समुद्राकडे बघणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. माझी थोरली बहीण माल्विना हिचे याबाबत मत वेगळे आहे. पण मी चड्डीत होतो तेव्हापासून ती तेच सांगत आली आहे, तेव्हा कायद्याने ते विचारात घेऊ नये. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बायको युफेमिया मागे उभी राहून "अक्षर जरा मोठं काढा" एवढेच म्हणते आहे.

एक. मला भारी शवपेटीत न घालता आमच्या ज्यू लोकांच्या रिवाजाप्रमाणे साध्या पांढऱ्या कापडात गुंडाळावे. आमच्या छोट्या दफनभूमीत आंब्याखालची जागा द्यावी. फळे डोक्यावर पडतील अशी शेजारच्या ब्रुनोने भीती घातली आहे. पडू देत. व्हिएन्नात आंबा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता.

दोन. दूध काढायचे तिपाई स्टूल माझी मुलगी रूत मिलाग्रोस हिला. ती आता जनावरांची डॉक्टर आहे आणि तिची यंत्रे सुंदर आहेत, पण या स्टुलाची हकिकत तिने पोरांना सांगावी. १९४० साली आम्ही बोटीतून इथे उतरलो तेव्हा आमच्यात वकील होते, शिंपी होते, एक व्हायोलिनवाला होता. गाय कोणीच जवळून पाहिली नव्हती. माझी पहिली गाय पार्श्वभागानेच माझा अपमान करी. बादली लाथाडून झाली की मान वळवून बघे. शेवटी मी वैतागून शाळेत पाठ केलेली कविता मोठ्याने म्हणू लागलो आणि काय सांगू, हात आपोआप वृत्तात चालू लागले, यती आला की थांबले, आणि बादली भरली. ज्यू म्हणून मला शाळेतल्या शेवटच्या वर्षी मागच्या बाकावर बसवण्यात आले होते, मग शाळेतूनच काढले. पण आमच्या मास्तरांनी पाठ करून घेतलेल्या कविता परत मागायचे कोणाला सुचले नाही. त्या कविता मी कोणा एकाला देत नाही. ज्याला ऐकायच्या असतील त्याने मी आहे तोवर ओसरीत यावे.

तीन. चीजचे तांब्याचे मोठे पातेले शेजारी ब्रुनो केस्टेनबाउम याला. अट अशी की त्याने माझ्या दफनाच्या वेळी सर्वांसमोर म्हणावे, "एमिलचं चीज माझ्यापेक्षा चांगलं होतं." गावच्या जत्रेत त्याने माझ्या चीजला ओल्या बुटाचा वास येतो असे म्हटले होते. मी ते विसरलेलो नाही. तो गप्प राहिला तर पातेले रूतला जावे. तिने त्यात खुशाल फुलझाडे लावावीत, पण ब्रुनोच्या कुंपणाला चिकटून.

चार. घरातल्या कपाटावरचे तीन काचेचे पेले जागचे हलवू नयेत. आमच्यात आईवडिलांच्या मृत्युदिनी पेल्यात मेणबत्ती लावतात. ती रात्रंदिवस जळते आणि कोणी विझवत नाही. आमच्या आईवडिलांना नाझींनी आगगाडीतून पूर्वेकडे नेले, एवढेच कळले. दिवस कोणता, ते कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा मी आईचा वाढदिवस धरला. कोणीतरी माल्विनालाही त्याच गाडीत चढताना पाहिले होते, म्हणून तिसरा पेलाही लावू लागलो.

१९४९ साली, नेमक्या आईच्या वाढदिवसाच्या संध्याकाळी, दारात एक सडपातळ बाई पेटी घेऊन उभी राहिली. तिची तार तिच्यानंतर आठवड्याने पोचली. तिने आत येऊन कपाट पाहिले.

"आईबाबांचे दोन. तिसरा कोणाचा?"

 युफेमियानेच, इकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात तसे 'दोन्या' म्हणत, हळूच सांगितले, "तुमचाच आहे, दोन्या माल्विना."

माल्विनाने पेल्याकडे निरखून पाहिले. मी ज्योतीवर फुंकर घालायला पुढे झालो तर माझा हात तिने धरला.

"ती विझवत नाहीत, गाढवा. जळू दे. जेवायला काय आहे? मेलेल्यांना भूक लागत नसेल, मला लागलीय."

त्या रात्री तिने स्वतःच्या स्मरणार्थ तीन ताटल्या भात-राजमा आणि तळलेली केळी खाल्ली. ती गाडीतून सुटली कशी हे ती दरवर्षी वेगळे सांगते. कधी पहारेकरी पेंगत होता, कधी दाराची कडी मोडकी होती. एका धोबिणीने तिला कित्येक हिवाळे कपड्यांच्या ढिगामागे लपवले, एवढे मात्र दरवर्षी तेच असते. तेव्हापासून त्या दिवशी आम्ही तिन्ही पेले लावतो, आंब्याचा श्ट्रुडेल, म्हणजे व्हिएन्नाकडची फळे भरून गुंडाळलेली गोड पोळी, भाजतो आणि तिसऱ्या ज्योतीची उत्सवमूर्ती टेबलाच्या टोकाला बसून सगळ्यांच्या चुका काढते. हा सण माझ्यामागेही चालू ठेवावा.

पाच. आता घर. हे लिहायचे म्हणूनच कागद काढला आहे.

गेल्या महिन्यात माल्विनाने सांगून टाकले, "तू गेलास की मी न्यूयॉर्कला वृद्धाश्रमात जाणार. भावाच्या घरी राहिले. भावजयीच्या घरी पाहुणी म्हणून राहायची नाही. आयुष्यात पुष्कळांची पाहुणी झाले."

युफेमियाने त्या दिवशी भांडी इतक्या जोरात घासली की एकाचा कान तुटला. मी निम्मे घर माल्विनाच्या नावावर करतो म्हणालो, तर माल्विनाच भडकली. "दान नको मला. धोबिणीकडूनसुद्धा फुकट घेतलं नाही, चादरींना इस्त्री करायचे."

मी पुष्कळ विचार केला, समुद्राकडे बघून केला, आणि पुढील निष्कर्षाला आलो. व्हिएन्नातले आमचे घर, खाली हातमोज्यांचे दुकान असलेले, वडिलांचे होते. ते लुबाडले गेले, त्यामुळे भावाबहिणीत वाटणी कधी झालीच नाही. परंतु लुबाडण्याआधी वडिलांनी दिवाणखान्यातला पियानो विकून माझ्या प्रवासाचा खर्च केला. तो पियानो घराचा होता, म्हणजे आम्हा दोघांचा. त्या पियानोवर मी इथवर आलो, गाय घेतली, गायीवर हे घर बांधले. सबब टेकडीवरचे हे घर वडिलोपार्जित भांडवलातून उभे राहिले आहे आणि निम्म्या हिश्श्यावर माल्विना वाइसब्रोट हिचा पहिल्यापासून हक्क आहे. मी तिला काही देत नाही. तिचे तिच्या ताब्यात करतो. उरलेला निम्मा हिस्सा पत्नी युफेमिया हिचा. युफेमियाला विचारले आहे. ती म्हणाली, "एवढ्यासाठी पियानो कशाला पाहिजे होता? मला आधी विचारायचंत."

सहा. वरील कलम आज दुपारी मी दोघींना ओसरीत वाचून दाखवले. माल्विनाने चष्मा काढून पुसला.

"निम्मं म्हणजे कुठलं निम्मं?"

"म्हणजे काय?"

"पूर्वेकडचं की पश्चिमेकडचं?"

"पूर्वेकडचं म्हणू," मी भीत भीत म्हणालो.

"म्हणजे स्वयंपाकघर तिला?" माल्विना उभी राहिली. "बाबांच्या वाटणीत मला स्वयंपाकघर नाही? हा कुठला न्याय?"

"दोन्या माल्विना, त्या चुलीला हात लावून तर बघा!"

"लावीन! माझा हिस्सा आहे. श्ट्रुडेलात तू लिंबू जास्त पिळतेस ते मी आजवर पाहुणी म्हणून सोसलं!"

"सोसलं? बशी चाटून पुसून ठेवत होतात!"

युफेमिया शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घेऊन आली. दोघी आत गेल्या, आणि तेव्हापासून चुलीपासून खिडकीपर्यंतचे अंतर दोन वेगवेगळे येत आहे. साक्षीदार कॉफी पीत बसले आहेत. माझे डोळे भरून आल्याने पुढच्या ओळी वाकड्या आल्या असतील, त्या ग्राह्य धराव्यात.

सात. स्वयंपाकघर कोणाचे, हे या मृत्युपत्रात मी लिहीत नाही. ते ठरेपर्यंत दोघींपैकी कोणीही घर सोडून जाऊ नये, ही माझी अट आहे. ते ठरू नये, ही माझी इच्छा आहे.

मजकूर वाचून, समजून, खिडकीतून येणारे भांडण ऐकत सही केली.

एमिल वाइसब्रोट

आमच्यासमोर सही झाली. कर्ता शुद्धीवर असून हसत होता:
१. डॉ. आन्सेल्मो पोलांको, वैद्यकीय व्यवसाय
२. फ्रीडा नाथान, निवृत्त शिक्षिका

ठिकाण: सोसुआ, टेकडीवरचे घर, ओसरी
दिनांक: १४ मार्च १९९६