विसाकेजाक आणि उघडी पेटी

प्रिय राफेल,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. हे पत्र उद्याच्या गाडीने निघणाऱ्या नर्सबाईंच्या हाती देईन. त्यांचा भाऊ टिमिन्सला तुझ्याच खाणीत आहे, तेव्हा पोचेल. पुढचं वाचायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव, पण बाबांची तब्येत फार खालावली आहे, एवढं तरी वाच.

परवा दवाखान्याच्या खिडकीशी एक विसाकेजाक आला. तसाच करड्या पिसांचा, गुबगुबीत आणि आगाऊ पक्षी. नर्सबाई म्हणाल्या, “हा व्हिस्की जॅक ना?” झालं! बाबा उशीवरून उठलेच. “अहो बाई, थेंबालाही शिवत नाही तो. गोऱ्या दुकानदारांना आमच्या भाषेतलं नाव उच्चारता येईना, म्हणून बिचाऱ्याला दारुडा करून ठेवलाय. विसाकेजाक म्हणा. आमच्या जुन्या गोष्टींतल्या थोरल्याचं नाव आहे ते.” मी हसले, आणि हसता हसता रडू आलं.

आपल्या शिकारीच्या तळावरचा तो आठवतो ना? तव्यातला मांसाचा तुकडा चटका बसायच्या आत पळवायचा. पण पहिला घास मात्र बाबांच्या बोटावर बसून, हक्काने. त्याच्याआधी आपण काही तोंडात घातलेलं बाबांना खपायचं नाही. तू कुरकुरायचास, “म्हणजे हा घरचा आणि आम्ही पाहुणे!”

त्या डिसेंबरात बाबांची सापळ्यांची वाट, तिथल्या शिकारीचा सगळा हक्क, तुझ्या नावावर करायचा की माझ्या, हे बाबा ठरवणार होते. तलावापलीकडचे सापळे तुझे होते. तुझी स्नोमोबाइल बंद पडली, म्हणून शेवटचे दोन मी लावले. केसाळ मार्टेन पकडायच्या सापळ्याच्या पेटीवर स्प्रूसच्या फांद्या घालून आमिष झाकायचं, नाहीतर पाखरांना ते दिसतं, हे आपल्याला चालायला लागल्यापासून ठाऊक. पण बोटं गारठली होती. म्हटलं, एक पेटी उघडी राहिली तर एका दिवसात काय होतंय? दुसऱ्या सकाळी बाबांनी पेटीतून मेलेला विसाकेजाक काढला. टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले, मग तुझ्याकडे वळले. “आपल्यात जेवणाऱ्याला मारलंस? पुन्हा या वाटेवर पाऊल टाकू नकोस.”

तू माझ्याकडे पाहिलंस. ताई आता बोलेल, म्हणून थांबलास. मी हातमोज्यांवरचा बर्फ झटकत राहिले. मला ती वाट हवी होती, राफेल, दुसरं काही कारण नाही. तू माझं नाव घेतलं नाहीस, चार दिवसांत गाव सोडलंस, आणि वसंतात बाबांनी वाट माझ्या नावावर करणाऱ्या कागदावर सही केली. अकरा हिवाळे मी त्या वाटेवर चालले. ती पेटी ज्या झाडाला होती, त्याला दर वेळी वळसा घालून गेले. मला माझीच लाज वाटते.

काल बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते भिंतीकडे तोंड वळवून म्हणाले, “पोराला बोलव. मला त्याची माफी मागायची आहे. आणि तो येईपर्यंत तू बाहेर बस.” बाहेरच्या बाकावर बसूनच हे लिहिते आहे. डॉक्टर फार तर आठवडा म्हणतात. ये रे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्यासमोरून तसाच आत जा.

तुझीच,
अगाथाताई