आधी मी, मग तेजल

१३ नोव्हेंबर २०२२, रविवार
भाट्याच्या खाडीवर फिरायला गेलो होतो. स्वरूप (रेणुकाचा जुना विद्यार्थी, खाडीत स्पीडबोट चालवतो) पाण्यावर अनवाणी उभा! फळी नाही, काही नाही. बोटीला दोरी, दोरीला स्वरूप, आणि तळव्यांखाली थेट खाडी. बेअरफूट स्कीइंग म्हणतात. गोव्याहून शिकून आलाय. तेजल लगेच म्हणाली, बाबा, मला शिकायचंय. ती मामाच्या विहिरीत चांगली पोहते, पण विहीर वेगळी, खाडी वेगळी. माझ्या पोटात गोळा आला. दुपारचा बांगडा बाधला असावा. बाप म्हणून निर्णय जाहीर केला: आधी मी शिकतो, मग तू. रेणुका म्हणाली, अहो, तुम्हाला पोहता कुठे येतं? सांगितलं, हा खेळ पाण्याच्या वर आहे, आत नाही.

२७ नोव्हेंबर, रविवार
थिअरी पूर्ण. ऑफिसात डबा खाताना व्हिडिओ बघून झाले. पाठीवर झोपायचं, दोरी धरायची, बोट धावली की उठून बसायचं, टाचा हळूच टेकायच्या, बोटं वर. पडलो तर मुटकुळं करून घरंगळायचं. मुटकुळं मला उपजतच येतं.
पाण्यात घालायचा रबरी वेटसूट आला. घातला. काढताना तेजलने पाय ओढले, रेणुकाने हात. जीव गुदमरला. घरात ही गत तर पाण्यात काय? सूटचा दर्जा बरोबर नाही.

२९ जानेवारी २०२३, रविवार, सकाळी ७
आज नक्की.

त्याच दिवशी, ९ वाजता
कॅलेंडर बघितलं. अष्टमी. म्हणजे भांगाची भरती, खाडीला पाणी बेताचं. तळ लागून पायाची सालं निघतील. स्वरूपला फोन करून पुढचा रविवार ठरवला. तो म्हणाला, साहेब, भांग असला तरी पुरुषभर पाणी आहे. पुरुषभर म्हटल्यावर हात गार पडले. थंडी आहे यंदा.

५ फेब्रुवारी, रविवार
पौर्णिमा निघाली. उधाण. पुलावरून पाणी बघितलं. पाणीही माझ्याकडे बघत होतं. रद्द. पुढच्या रविवारी षष्ठी येते. षष्ठीत काय खोट असते ते अजून सापडलेलं नाही.
रेणुका म्हणाली, आपण बौद्ध माणसं, लग्नसुद्धा अमावस्येला लावलं, आणि आता तिथ्या कसल्या बघताय? तिला समजावलं की मुहूर्त ही अंधश्रद्धा, भरती-ओहोटी हे विज्ञान. ती वह्या तपासायला बसली.

२८ मे, रविवार
सीझन बंद. बोटी वर ओढल्या. आता पावसाळा संपेपर्यंत पाण्यात उतरायला मनाई. फार वाईट वाटलं. दोन आंबे जास्त गेले. तेजलने विचारलं, मग माझं काय? पुढच्या सीझनला, म्हटलं.

१६ जुलै, रविवार
ऑफ-सीझन ट्रेनिंग. मागच्या अंगणात जांभ्याच्या फरशीवर शेवाळ धरलंय. पाण्याइतकंच निसरडं, वर बुडायची भीती नाही. (भीती नव्हे, शक्यता.) दोरी स्कूटरला बांधली, रेणुकाला सांगितलं, हळू ने. टाचा टेकल्या, बोटं वर. उभा राहिलो!

१८ जुलै
माकडहाड. पालथा पडून लिहितोय. डॉक्टरांना स्पोर्ट्स इंजुरी सांगितलं. त्यांनी कुठला स्पोर्ट ते विचारलं. रेणुकाने शेवाळ सांगितलं.

१० डिसेंबर २०२३, रविवार
उतरलो! बोटीच्या बाजूला आडवा दांडा असतो, शिकाऊ माणसाने तो धरायचा. धरला. अंगात लाइफ जॅकेट. पायाखाली काही नव्हतं. म्हणजे काहीच नव्हतं. पाय आपले खाली जमीन शोधतायत आणि खाली नुसतं गार पाणी. कानात माझंच काळीज वाजत होतं. ओरडलो, स्वरूप, स्पीड कमी कर.
"साहेब, इंजिन अजून चालू नाही केलं," स्वरूप म्हणाला.
प्रवाहाला कमी लेखू नये. पहिल्या दिवशी एवढं पुरे. किनाऱ्यावर घोट्याभर पाण्यात वेटसूटमधला फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला: 'बेअरफूट सुरू.' पाय अनवाणीच होते, खोटं काय त्यात. मुंबईला गेलेल्या वाडीकरांचे अंगठ्यांवर अंगठे आले.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार
तिसरा सीझन. मागचा सीझन माकडहाड, निवडणुकीची ड्यूटी आणि जेलीफिश यांत गेला. तेजल बारावीला आहे. रविवारच्या जादा क्लासहून येते तेव्हा तळवे लालभडक, केस खारट चिकट. लांब चालत जाते बिचारी, ऊन लागतं. रेणुकाला म्हटलं, पोरीला रिक्षाने पाठव. ती हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. तेजल आता खाडीचं नावसुद्धा काढत नाही. शहाणी झाली.

२ मार्च २०२५, रविवार
बाबाजीकाकांचा फोन. काका आमच्या वाडीच्या मुंबई कमिटीचे अध्यक्ष. वाडीत झाड तोडायचं तरी मुंबईहून ठराव येतो. तो 'बेअरफूट सुरू'वाला फोटो त्यांनी जपून ठेवलाय. ठराव झालाय: बुद्धपौर्णिमेला माझा सत्कार आणि खाडीत प्रात्यक्षिक. मुंबईकर गाडी करून येणार.
म्हटलं, काका, पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीला ठेवू या.
"मग बुद्धपौर्णिमा अष्टमीला करू काय रे?" काका म्हणाले.
यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

११ मे, रविवार
स्टँडजवळ फ्लेक्स लागला. माझा फोटो भर खाडीत चिकटवलाय, खाली 'नावाप्रमाणेच अभय'. त्याच्यासमोरून रिक्षाने आलो, मान वर केली नाही. पोट बिघडलंय. बांगडा नाही, चार दिवस वरणभातावर आहे.
तेजल जवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, काकांना नाही म्हणून सांगा ना. म्हटलं, मी काय भितो? तिने माझा हात धरला. हात थरथरत होता. दोघांपैकी कुणाचा ते पाहिलं नाही.

१२ मे, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.
बुद्धवंदना झाली. ऊन चढत होतं म्हणून काकांनी सत्कार आधीच उरकला. शाल घातली, नारळ दिला. शालीवर लाइफ जॅकेट बसेना म्हणून जॅकेट काढून ठेवलं. बोटीत मी, तेजल, स्वरूप. किनाऱ्यावर अख्खी वाडी. भरती टम्म फुगलेली. मध्यावर गेल्यावर मी एक पाय पाण्यात घातला. दुसरा येईना. हाताने ओढून बघितला, तरी येईना. सांगितलं, पाण्याचा अंदाज घेतोय.
तेजल म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा. अंदाज मी घेते."
वरचा कुर्ता काढला. आत वेटसूट, तिच्या मापाचा. जॅकेट चढवून, दोरी घेऊन उतरलीसुद्धा. स्वरूप तिला काहीच सांगत नव्हता. बोट धावली, ती उठून बसली, टाचा टेकल्या आणि उभी राहिली. माझी पोर, पाण्यावर, अनवाणी. तेव्हा मला ते लाल तळवे आठवले. किनाऱ्यावर लोक ओरडत असतील, मला ऐकू आलं नाही. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती. ती माझ्यासाठी नव्हती.
मग ती पडली. स्वरूपने बोट वळवली. तिचं डोकं दिसेना.
पुढचं आठवतं ते पाणी. नाकात, घशात, आणि गळ्याभोवती शाल.
तेजलने मला मानगुटीला धरून बोटीशी आणलं. ती म्हणे पडल्या पडल्याच वर आली होती, लाटेआड होती एवढंच. मी बघायला थांबलो नाही. शाल खाडीत गेली. नारळ बोटीतच राहिला होता.

१५ मे
ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय, 'जलवीराला मुलीने वाचवलं'. थांबवून थांबवून बघितला. बोट वळत असताना उडी मारलीय. बुडण्याआधी एक क्षण दोन्ही तळवे पाण्यावर टेकलेले स्पष्ट दिसतात. बोटं वर. दोरीशिवाय! रेणुकाला दाखवलं. ती पदराने डोळे पुसत होती. हसून की कसं, विचारलं नाही.

२९ जून, रविवार
तेजल गेली. ठाण्याला बाबाजीकाकांकडे राहून कॉलेज करणार. गाडीला उशीर होता, फलाटावर बसलो. म्हणाली, तुमचा वेटसूट खुंटीला टांगलाय. दिवाळीला आले की तुम्हाला शिकवते, पण आधी विहिरीत पोहायला. गाडी आली तशी तिने माझा हात धरला.
"बाबा, आधी मी येते, मग तुम्ही. तोवर पाण्यात उतरायचं नाही. शब्द द्या."
हात थरथरत होता. या खेपेला नीट पाहिलं. तिचा होता.
शब्द दिला. लगेच दिला. घरी येताना रिक्षा पुलावरून आली तेव्हा डोळे मिटून घेतले. पुढच्या सीझनची माझी सगळी तयारी होती. पण काय करणार, मुलीचा शब्द मोडवत नाही.