शेजाऱ्यांनी घर बांधून दिलं

शुक्र. १६ फेब्रु. २०१८
सकाळी सहाला प्रशांतचा फोन. ह्यूस्टनला गुरुवारची संध्याकाळ, आवाजावरून एक-दोन बिअर झालेल्या. "ताई, फॉर्म भरला." कसला? म्हणे सिटी कौन्सिलचा. आमचं शेंडेफळ टेक्सासात नगरसेवक होणार! विजयला हलवून उठवलं तर नवरोबा विचारतात, "तिकडे पण वॉर्ड असतात का?" आणि पुन्हा कूस बदलून झोपले.
बाबा असते तर. त्यांनी तीनदा ग्रामपंचायतीला फॉर्म भरला आणि तीनदा त्यांना मागे घ्यायला लावला. जाऊ दे. आज वाईट काही लिहायचं नाही.

मंगळ. २० फेब्रु.
प्र.ने मला कामाला लावलंय. गेल्या ऑगस्टच्या पुरात त्याचं निम्मं गाव पाण्यात होतं. ह्यूस्टनच्या बाहेरचं गाव, सगळी घरं एका छापाची, दारात गवत, आणि दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा गाडी काढायची. निवडणुकीत मुद्दा एकच, पाणी काढायचं कुठे. आणि त्याची बहीण मस्कतमध्ये बावीस वर्षं दुसरं करते काय? पाऊस नाही तोवर वादी, म्हणजे इथली नदी, कोरडी ठणठणीत, आणि एकदा आली की रस्ता घेऊन जाते. त्या वादीखालच्या मोऱ्या आणि नाले माझ्या टेबलावर काढले जातात.
जेवणाच्या सुट्टीत त्याच्या गावाचे नकाशे पसरले. सालिम, आमचा ओमानी साहेब, डोकावला. "ही कुठली वादी?" म्हटलं, टेक्सासची. भाऊ निवडणुकीला उभा आहे. "मग आता शेख होणार तो! इन्शाल्ला." खूप हसलो.

शुक्र. ९ मार्च
चार पानी आराखडा पाठवला. शाळेमागे तळं, दोन नाले रुंद करायचे, नव्या बिल्डरला आधी पाण्याची वाट दाखव मग परवानगी. प्र. म्हणतो, टेक्सासचं सरकार ऑस्टिनला बसून गावांचे अधिकार छाटत असतं, कर वाढवू देत नाही, बिल्डरला हात लावू देत नाही, त्यामुळे अर्धंच जमेल. अर्धं तर अर्धं.
विरोधात दोघं. त्यातला तगडा एक निवृत्त पोलीस, चर्चमधला लाडका माणूस. प्र.च्या मागे तिथला एक मराठी डॉक्टर. मोठं घर, मोठी ओळख, त्याची माणसं रोज दारोदार फिरतात. डॉक्टरने विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" प्र. म्हणाला, औरंगाबाद. खेड्याचं नाव सांगितलं नाही. आमचं आडनाव असं की ज्याला त्याला आपलं वाटतं. त्याने ते वाटू दिलं.
आई तिकडेच आहे डिसेंबरपासून. फोटोत नऊवारीत मधोमध. बाकी सगळे निळ्या टी-शर्टात.

शुक्र. २३ मार्च
मैत्रेयीने मामाचं इंग्रजी पत्रक मोबाईलवर वाचून दाखवलं. अकरावीतली मुलगी, मराठी अडखळत. म्हणाली, "मम्मा, आपलं घर burn झालं होतं? तू मला कधी... told नाही केलं."
मी वाचलं. उभ्यानेच वाचलं. त्यात लिहिलंय:
चार वर्षांचा असताना आमचं घर आगीत गेलं. शेजारी धावून आले. शेजाऱ्यांनी घर बांधून दिलं. शेजारी म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.
शेजाऱ्यांनी. बांधून. दिलं.

तोच दिवस, संध्याकाळ
मैत्रेयीला सांगितलं. जेवढं जमलं तेवढं.
अठ्ठ्याहत्तर साल. मी नऊ वर्षांची. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आमच्या वस्तीवर गाव चालून आलं. दिवेलागणीची वेळ, आई भाकऱ्या थापत होती. बाबा नाव पाहिजे म्हणून सभांना जायचे, म्हणून आमचं घर पहिलं. आम्ही ओढ्याच्या कपारीत बसलो, आईचा हात प्र.च्या तोंडावर. शेजारी धावून आले हे खरं आहे. रॉकेल घेऊन आले. आणि घर कुणीही बांधून दिलं नाही. आम्ही औरंगाबादला पत्र्याच्या खोलीत गेलो आणि गावाचं तोंड पुन्हा बघितलं नाही.
पोरगीने पत्रक पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "पण मामाला माहितीये ना?"
हो बाई. माहिती आहे.

शनि. २४ मार्च
भांडण. पाऊण तास. इथे व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही, दुसरं कसलंसं ॲप, ते दर दोन मिनिटांनी गळा दाबल्यासारखं करतं. त्यामुळे प्रत्येक शिवी दोनदा द्यावी लागली.
"ताई, पत्रकात मला चार ओळी मिळतात. त्यात इथल्या माणसाला जात समजावू? नामांतर समजावू?"
"मग लिहू नकोस."
"आग लागली होती की नव्हती?"
"लागली नव्हती. लावली होती."
तर म्हणतो, मला आठवतच नाही गं, कुणीतरी कडेवर घेऊन पळतंय एवढंच आठवतं. हे ऐकून क्षणभर माझा जीव कळवळला. पण लगेच पुढे, "आणि डॉक्टरच्या माणसांत अर्धी आपल्याकडची आहेत, ताई. त्यांना कशाला दुखवायचं?"
त्यांना! दुखवायचं! मेल्या, चाळीस वर्षं झाली, अजून त्यांच्याच दुखण्याची काळजी.
आईला फोनवर घेतलं. "जाऊ दे बाई. निवडून येऊ दे लेकराला. कशाला उकरतीस?"
माझा पाण्याचा आराखडा मात्र पत्रकाच्या मागच्या पानावर जसाच्या तसा आहे.

शनि. १४ एप्रिल
जयंती काल सुट्टीचा दिवस धरून झाली. हॉल भरलेला, निळे फेटे, पोरांची भाषणं इंग्रजीतून. मैत्रेयी बोलली नाही, मागे बसून राहिली. सगळे विचारत होते, भाऊ उभा आहे म्हणे अमेरिकेत? आपला माणूस! अभिमान वाटतो! मी हसून जिलेबी वाढत होते. काय सांगणार कप्पाळ.
आज सकाळी आईशी बोलले. जयभीम केला. विचारलं, बाबासाहेबांना हार घातलास का. म्हणाली, "घातला की. वर, माझ्या खोलीत." फोटो आधी हॉलमध्ये होता. आता घरी बैठका असतात, माणसं येतात जातात. फोटो आईच्या कपाटाशेजारी. आई म्हणते, "बरं झालं, उठल्या उठल्या दिसतो." ही बाई कशातही बरं शोधते, आणि आम्ही तिच्या जिवावर वाट्टेल ते करतो.

शुक्र. २० एप्रिल
तिथल्या एका साप्ताहिकाच्या बातमीदार बाईचा ईमेल. प्र.ने कुठेतरी सांगितलंय की आराखडा माझ्या इंजिनिअर बहिणीचा. ती उमेदवारांच्या घरच्यांवर लिहिते आहे. फार अदबीनं विचारलंय: त्या आगीबद्दल काही सांगाल का? आणि ज्यांनी तुमचं घर बांधून दिलं ते शेजारी कोण होते? आज त्यांना हे कळलं तर किती आनंद होईल!
दोनदा वाचलं. मग कपडे धुतले, इस्त्री केली, फ्रिज पुसला.

सोम. २३ एप्रिल
तिकडे आजपासून आगाऊ मतदान. विजय म्हणाला, "उत्तर देऊच नकोस, मोकळी हो." विजय शहाणा आहे. मी नाही.
ऑफिसात बसून लिहिलं. सात ओळी. आग लावली होती. गावाने लावली. आम्ही ज्या जातीचे होतो त्यासाठी, आणि वडील विद्यापीठाच्या नावासाठी लढत होते त्यासाठी. घर कुणी बांधून दिलं नाही. माझा भाऊ तेव्हा चार वर्षांचा होता. तो चांगला माणूस आहे आणि पाण्याचा आराखडा बरोबर आहे.
शेवटची ओळ का लिहिली कोण जाणे. पाठवलं. खलास.
घरी आल्यावर विजयला सांगितलं. "भाऊ गेला समज," म्हणाला आणि चहा करायला उठला.

शनि. २८ एप्रिल
काल दिवसभर फोन हातात घेऊन बसले. आज आला.
प्र. हसत होता! "ताई, जबरदस्त! कमाल केलीस!"
बातमीत एकच वाक्य आलंय. उमेदवाराच्या कुटुंबाला भारतात जमावाच्या हिंसाचारातून पळावं लागलं. जात नाही. गाव नाही. बाबा नाहीत. बाईंनी मला कळवलंय की जागा कमी होती, आणि वाचकांना ते समजावणं अवघड होतं. राज्याच्या आमदाराने बातमी पुढे पाठवली. चर्चमधल्या बायका प्र.साठी प्रार्थना करतायत.
नवीन पत्रकही निघालं. वर लिहिलंय, चौथ्या वर्षी जमावासमोरून पळालो, आता पुरासमोरून पळणार नाही. आणि खाली तीच ओळ तशीच. शेजाऱ्यांनी घर बांधून दिलं.
म्हणजे आता जाळणारा जमाव वेगळा आणि बांधणारे शेजारी वेगळे. माझ्या सात ओळींनी खोटं अजून पक्कं केलं. मी त्याला विचारलं, "लाज वाटते का रे?" तो म्हणाला, "ताई, तूच तर सांगितलंस त्यांना." फोन आपटला. मोबाईल आपटूनही काही होत नाही, हीही एक चीड.

सोम. ३० एप्रिल
बुद्धपौर्णिमा. खीर केली. वंदना म्हणताना मन स्थिर करायचं असतं. माझ्या डोक्यात आपलं पत्रक.

रवि. ६ मे
निकाल. तिघांत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत. प्र. आणि पोलीस, दोघांत पुन्हा मतदान, जूनच्या मध्यात. मूठभर मतांचा फरक. आमच्या बिल्डिंगमधली माणसं तिकडे नेली तर निकाल फिरेल, इतका मूठभर.
खरं लिहायचं तर पहिल्यांदा आनंदच झाला. मग स्वतःचाच राग आला.

शुक्र. २५ मे
रमजान. रस्ते दुपारी ओस, ऑफिसात पाणीही दाराआड प्यायचं. सालिमने काल विचारलं, भाऊ जिंकला का? म्हटलं अर्धा. "अर्धा शेख?" मला हसू येईना. तो बिचारा आपल्या केबिनकडे वळला.
संध्याकाळी प्र.चा निरोप. डॉक्टरकडे मोठी बैठक आहे, ९ जूनला. गावातले सगळे भारतीय येणार, शिवाय मेयर. आणि तिथे आई बोलणार. आगीबद्दल. मराठीत. तो शेजारी उभा राहून इंग्रजीत सांगणार. "ताई, आईला बघून माणसं रडतील."
मी आईला जन्मात त्या दिवसाबद्दल बोलताना ऐकलेलं नाही. घरातसुद्धा नाही. बाबा बोलायचे, ती उठून आत जायची.
त्याला लिहिलं, आईला यातून सोड. उत्तर आलं, ती हो म्हणाली आहे.

रवि. ३ जून
बोलत नाही प्र.शी. तो रोज आराखड्यावरचे प्रश्न पाठवतो, मी रोज उत्तरं देते. तळं किती खोल, नाल्याला उतार किती. शाळेमागे तळं झालं तर त्या लोकांची घरं खरोखर वाचतील. त्यांनी माझं काय वाकडं केलंय? पोलिसाला यातलं काही कळत नाही. प्र.ला कळतं, कारण मी शिकवलंय. तो निवडून यायलाच पाहिजे आणि तो निवडून येऊ नये. दोन्ही अगदी मनापासून.

शनि. ९ जून
पहाटेच आईचा फोन. तिकडे जेवणं आटोपलेली. बाथरूममधून बोलत होती, नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.
"उद्या बोलायचंय बाई. पशा म्हनतो, आग लागली, पळालो, शेजाऱ्यायनी घर दिलं, एवढंच म्हन. बाकी मी सांगतो."
"मग?"
"त्यो विंग्रजीत काय का सांगंना. पर समोर निम्मे आपल्याकडचे बसनार हायेत. त्यान्ला माझं समजतंय की."
मग म्हणाली, "मी नावं घेतली तर पोरगं पडंल का गं?"
खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. म्हटलं, "पडेल. डॉक्टर उठून जाईल, त्याच्यामागे त्याची माणसं."
"आन नाही घेतली तर?"
"तर निवडून येईल बहुतेक."
मी विचारलं, आठवतात का तुला अजून? तर तिने सुरुवातच केली. वेशीकडून. पाटलाचा थोरला. त्याचा मेहुणा. दुकानवाला किसन, त्याच्याच दुकानातलं रॉकेल. दत्तू, ज्याच्या बायकोचं बाळंतपण आईने केलं होतं. आवाज चढला नाही, की थरथरला नाही. भाजीची यादी सांगावी तसं. मारुतीच्या पारापर्यंत सगळी घरं झाली आणि ती थांबली.
एक नाव तिने सोडलं होतं. मला पहिल्या बाकावर बसवणारे, पाटीवर स्वतः अक्षर गिरवून देणारे.
मी म्हटलं, "आई, गुरुजी राहिले."
नळाचा आवाज वाढला.
"तू बघितलं व्हतंस?"
"बघितलं होतं."
"मला वाटलं, तुला ठाव न्हाई," ती म्हणाली. मग नळ बंद केला आणि गुरुजींना धरून पुन्हा पहिल्यापासून नावं म्हणायला लागली.