तुम्ही वाचून दाखवलेला शेवट

अण्णा, ते पुस्तक मी अखेर वाचलं. तुम्ही वाचून दाखवलेलं नव्हे, छापलेलं. तुम्ही असतात तर समोर बसवून एकेक प्रश्न विचारला असता आणि तुम्ही नेहमीसारखं "चहा टाक बघू आधी" म्हणून विषय बदलला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता विषय बदलायची तुमची सोय राहिलेली नाही. तेव्हा निमूट ऐका.

डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांत रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच व्हायचं. आवराआवर झाली की आई चुलीपाशीच तांदूळ निवडायला बसायची, शेजारच्या काकू कापूस घेऊन वाती वळायला उंबऱ्यात यायच्या आणि तुम्ही कंदिलाजवळ पाट ओढून पुस्तक उघडायचात. ठाण्याला नौपाड्यातल्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर. दिवसभर मिक्श्चरच्या बाटल्या भरायच्या, त्यांवर डोसाचं माप दाखवणाऱ्या कातरलेल्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या आणि संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या लायब्ररीतून पुस्तक बदलून घरी यायचं. तुमच्या बोटांचा वास पुस्तकाला लागायचा. कादंबऱ्यांना औषधाचाच वास असतो, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. आणि पुस्तक त्या एका लेखकाचं असलं की तुम्ही दारातूनच सांगायचात, "आपल्यांचं नवीन आलंय." नाव कधी घ्यायचा नाहीत. घरातल्या कर्त्या माणसाचं घेत नाहीत, तसं. एकदा ते ठाण्याला व्याख्यानाला आले तेव्हा तुम्ही दवाखान्यातून लवकर सुटून गेलात, सगळं व्याख्यान मागच्या भिंतीला टेकून उभ्यानं ऐकलंत आणि त्यांना न भेटताच परत आलात. आई म्हणाली, "अहो, नमस्कार तरी करायचा!" तुम्ही म्हणालात, "गर्दी होती." काकूंचा भाऊ तिथे होता. त्यानं सांगितलं, गर्दी काही नव्हती.

तुमची बोलणी मी एकदाच खाल्लेली आठवतात, तीही पुस्तकापायी. तुम्ही अंघोळीला गेला होतात आणि मी फळीवरचं पुस्तक काढून शेवटचं पान वाचत होते. तुम्ही पंचा गुंडाळून ओलेतेच उभे राहिलात आणि म्हणालात, "पानात वाढण्याआधी पातेल्यात हात घालायचा नाही. लिहिणाऱ्यानं ज्या क्रमानं वाढलंय त्या क्रमानं घ्यायचं." आवाज चढवला नाहीत, पण मी दिवसभर रडले. ते बोलणं नीट लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षीची गोष्ट. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलं होतं आणि त्याच सुमाराला काकूंनी ते ठाण्याचं स्थळ आणलं. भाताची गिरणी, स्वतःचं घर, एकुलता एक मुलगा. अट एवढीच की सुनेनं शिकवायला-बिकवायला जायचं नाही. मुलगा बघायला आला, तासभर बसला आणि अक्षर बोलला नाही. सारखा खिडकीबाहेर बघत होता. आपल्या लेखकांचे सगळे नायक असेच असायचे. बोलायचे नाहीत, खिडकीबाहेर बघायचे, आणि त्यांच्या मनात फार खोल काहीतरी चाललेलं असायचं. मला वाटलं, हाच तो. आपल्या खिडकीतून फक्त विहीर आणि तिच्या काठावर धुणं आपटणाऱ्या बायका दिसतात, हे तेव्हा मनात आलं नाही. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. तेव्हा बाप मुलीला असलं काही विचारत नसत. आईनं तेवढं विचारलं, "मग काय कळवायचं गं?" मी मान खाली घातली. ती मान "हो" म्हणत होती आणि ते सगळ्यांना कळलं होतं. काकूंनी पुढच्या रविवारी उत्तर न्यायचं ठरवलं.

आणि त्याच आठवड्यात "आपल्यांचं" नवीन आलं. गरीब मास्तराची मुलगी, शाळेत नुकतीच नोकरी लागलेली, आणि जमीनदाराचा तो अबोल मुलगा. सुरुवात अशी रंगली की काकूंच्या हातात कापूस तसाच राहायचा. मी तर पुस्तक ऐकतच नव्हते, माझंच भविष्य ऐकत होते. मग एका संध्याकाळी तुम्ही ठाण्याहून आलात ते पाय न धुताच पाटावर बसलात. आई म्हणाली, "बरं नाही का?" तुम्ही म्हणालात, "डोकं चढलंय." त्या दिवशी वाचन झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुस्तक फळीवर दिसेना. तुम्ही ते डब्याच्या पिशवीत घालून दवाखान्यात न्यायला लागलात. मी विचारलं तर म्हणालात, "डॉक्टरीणबाईंना चाळायचंय." डॉक्टरीणबाईंना मराठी धड वाचता येत नव्हतं, हे तुम्हीच आम्हाला हसून सांगितलं होतंत.

संशय तिथेच आला होता, अण्णा. पुढचं वाचताना तुमचं पान वेळेवर उलटत नव्हतं. एकदा बराच वेळ उलटलं नाही आणि मग दोन पानं एकदम उलटली. मला वाटलं, हे प्रेमाचा भाग गाळताहेत. लग्न ठरायला आलेल्या मुलीसमोर वाचायला लाजताहेत. मी मनातून चडफडत होते. आता आठवते ती शेवटची संध्याकाळ. तुम्ही धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसताय आणि पुसता पुसता वाचताय. चष्मा हातात, आणि कादंबरी सुरूच. आई तांदळातून मान वर न काढता म्हणते, "अहो, चष्मा घाला." तुम्ही गडबडीनं चष्मा नाकावर चढवता आणि एक ओळ मागे जाऊन पुन्हा वाचल्यासारखं करता. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला कळलं नाही. आईला कळलं होतं.

काय तो शेवट! ती मुलगी त्या अबोल माणसाला म्हणते, "मला वेळ हवा. वेळ मागितला म्हणून जे मोडेल ते मोडू दे." आणि तो काही न बोलता निघून जातो. मग ही बाई गाडीनं कल्याणला उतरते. आपल्या लेखकांच्या नायिका तोवर कधी कल्याणला उतरल्या नव्हत्या. टांगेवाल्याशी घासाघीस करते, टांगेवाल्याला खोकला असतो, ती त्याला ज्येष्ठमध चघळायला सांगते, टांगा तळ्याला वळसा घालून शाळेच्या दाराशी थांबतो, आतून मुलींचा पाढे म्हणण्याचा आवाज येतो. समाप्त. काकू तर उंबऱ्यातून उठल्याच. "अहो, म्हणजे लग्न नाहीच का हो?"

"दिसत नाही खरं," तुम्ही म्हणालात.

मी रडवेली झाले होते. मी म्हटलं, "इतका भिकार शेवट! हे त्यांनी लिहिलंच कसं? टांग्याचं कशाला एवढं पाल्हाळ? आणि खोकला?"

तुम्ही पुस्तक मिटलंत, त्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "वय झालं असेल त्यांचं. हात थकतो माणसाचा."

आई म्हणाली, "मला बाई आवडला." आणि तुम्ही तिच्याकडे बघितलंत. तशी नजर मी तुमची पुन्हा पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी, मुदत शिल्लक असताना, पुस्तक लायब्ररीत परत गेलं.

रविवारी काकू उत्तर न्यायला आल्या. मी चहा घेऊन गेले आणि माझ्याच तोंडून निघालं, "मला वर्षभर वेळ हवा. ट्रेनिंग होऊ दे." काकू म्हणाल्या, "अगं, ती माणसं थांबायची नाहीत." मी म्हटलं, "मग मोडू दे." आईनं पदर तोंडाला लावला. तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढलं नाहीत. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! जन्मभर वाटत राहिला. घरच्यांच्या विरोधात नाही, शेजारणीच्या आग्रहाला बळी पडून नाही, माझं मी ठरवलं, असं मी कितीजणींना सांगितलं आहे. ट्रेनिंगला जाताना तुम्ही मला दवाखान्यातली बाटली शाईनं भरून दिलीत, वर डोसाची पट्टी कातरून चिकटवलेली. मी हसले होते. तुम्हीही हसलात, जरा जास्तच.

त्या लेखकाचं मात्र मी पुन्हा काही वाचलं नाही. रुसलेच होते त्यांच्यावर. तुम्हीही त्यांचं पुढचं एकही पुस्तक घरी आणलं नाहीत, आणि विचारलं की म्हणायचात, "लायब्ररीत आलं नाही अजून." मी कल्याणच्या शाळेत लागले. काही वर्षांनी तुम्ही गेलात. मी त्याच शाळेत म्हातारी झाले. ऑफ तासाला मुलींना गोष्टी सांगायचे, त्यात या कादंबरीचीही सांगायचे. मोठा लेखकसुद्धा शेवटी कसा घसरतो याचा नमुना म्हणून. मुलींना तो शेवट आवडायचा. मी त्यांना सांगायचे की तुम्हाला काही कळत नाही. निवृत्त व्हायच्या थोडं आधी एक मुलगी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. मामाच्या माळ्यावर सापडलं म्हणाली. "बाई, तुम्ही सांगितलेलं यात नाहीये. यात टांगाच नाहीये."

मी म्हटलं, "तुझ्याकडची आवृत्ती वेगळी असेल. आण इकडे."

घरी येऊन वाचलं. अर्ध्यापर्यंत शब्दन् शब्द तुमच्या आवाजात ऐकू येत होता. आणि मग, अण्णा! ती मुलगी शाळेचं नेमणुकीचं पत्र फाडते, भर उन्हात अनवाणी त्याच्या वाड्यावर जाते, त्याच्या पायाशी बसते. तो खिडकीबाहेर बघत असतो. सबंध पुस्तकात पहिल्यांदा तोंड उघडतो आणि म्हणतो, "मला ठाऊक होतं, तू येशील." आणि ती कृतार्थ होऊन रडते. पानंच्या पानं रडते. मी ते पुस्तक भिंतीवर फेकलं. दुसऱ्याचं म्हणून मग उचलून पुसून ठेवलं.

ज्या माणसावर मी उगाच रुसले होते, त्याच्यावर खरं तर याहून कितीतरी जास्त रुसायला हवं होतं. पण तो राग तासाभरात ओसरला आणि तुमचा संशय यायला लागला, तो काही जात नाही. त्या दिवशी ठाण्याहून येताना तुम्ही गाडीत शेवट आधी वाचलात, म्हणजे मला बोललात ते पातेल्यात हात घालणं तुम्हीच केलंत. ते सोडा. हे सगळं तुम्ही कशासाठी केलंत? माझी खाली गेलेली मान तुम्हाला दिसली होती म्हणून? की हुंड्याची बोलणी टाळायची होती? की आपल्या लेखकांनी असं लिहावं हे तुम्हाला सोसलं नाही आणि आमच्यापुढे त्यांची अब्रू झाकायची म्हणून हा खटाटोप? या शेवटच्या संशयानं मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण पाय न धुता बसलेले तुम्ही मला आठवता. ते डोकं दुखणं माझ्यासाठी होतं की त्यांच्यासाठी? आणि आई? तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत, की तिनं आपलं आपण ओळखलं? माझ्या तोंडचं ते वाक्य, "मग मोडू दे", ते माझं की तुमचं? बाटलीत काय आहे हे न सांगता तुम्ही पेशंटच्या हातात बाटली द्यायचात, तसंच का हे?

रागानं विचारते आहे असं समजू नका. म्हणजे राग आहेच. मला सरळ विचारलं असतंत तर मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. बहुतेक "हो"च म्हटलं असतं आणि गिरणीच्या घरात खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाला जन्मभर वाढत बसले असते. शाळा मला मिळाली, ती मला फार आवडली, मी तिथे सुखी होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण ते माझ्या कर्तबगारीचं आहे असं मला वाटत होतं. आणि तुम्हीही कधी वाटा मागितला नाहीत. तो मागितला असतात तर मला आज इतकं रडू आलं नसतं.

मुलीला पुस्तक परत केलं. ती म्हणाली, "मग बाई, खरा शेवट कुठला?" मी म्हटलं, "मी सांगितला तो. हा छापणाऱ्यानं घुसडलाय." तिनं माझ्याकडे जरा संशयानंच बघितलं. चांगली मुलगी होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. ती गोष्ट मी अजूनही सांगते, आता शेजारच्या मुलींना, आपल्या लेखकांच्याच नावावर आणि तुमच्याच शेवटासकट. भिकार म्हणायचं मात्र सोडलं आहे. फक्त टांग्याचं तुम्ही खरंच फार लांबवलं होतंत, अण्णा. तेवढं मी गाळते. खोकला ठेवते.