सहा वर्षं सोडलेली बासुंदी

कुरुंदवाड,
ता. ९-१-१९७४

चि. सौ. प्रमोदिनीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाऊन आले. नेहमीसारखी अनवाणी. टाचेला भेग पडलीय. पण धाकट्या बहिणीची कूस उजवेपर्यंत वाडीच्या वाटेवर चप्पल घालायची नाही आणि तिथली बासुंदी तोंडाला लावायची नाही, हा माझा नवस तुला ठाऊकच आहे. सहा वर्षं झाली. सोबत अंगारा आहे, लाव.

आमची बनू सांगत होती, मावशीनं काकांच्या मोटारसायकलवरून पन्हाळा केला आणि घरात पुस्तकांचं दुसरं कपाट आलं. मौज आहे बाई. मी दिवाळीपासून वाडीपलीकडे पाऊल टाकलेलं नाही. पण खरं सांगते, चारही पोरं ओळीनं जेवायला बसली की तुझी आठवण येते. कपाट काही आई म्हणून हाक मारत नाही. माझ्यावर जळत असशील तर खुशाल जळ, मी रागावणार नाही.

जोतीरामरावांना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी अक्का

कोल्हापूर,
ता. १५-१-१९७४

ती. सौ. अक्कास प्रमोदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या टाचेचं वाचलं आणि शाळेत लक्ष लागेना. दोष माझा. नवसाचं कळलं तेव्हा वाटलं, चार पौर्णिमा करशील आणि कंटाळशील. अक्का, आम्हाला मूल होत नाही असं नाही. आम्हाला नको आहे. लग्नाआधीच आमचं ठरलं होतं आणि डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्यानं आम्ही काळजी घेतो.

पोरं आवडत नाहीत असं समजू नकोस. वर्गात पंचावन्न मुली आहेत, जीव लावतात. पण साडेपाचला त्या आपापल्या घरी जातात, तेही मला आवडतं. आपल्या आईला बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. तू पाहिलंस का? मला तसं जगायचं नव्हतं. यांना विचारलं, तर म्हणाले, आपण दोघं पुरं की.

जळण्याचं म्हणशील, तर खोटं लिहून तुला बरं वाटलं असतं. पण मला तुझा हेवा कधीच वाटला नाही गं. आता चप्पल घाल.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी प्रमोदिनी

कुरुंदवाड,
ता. ७-२-१९७४

चि. सौ. प्रमोदिनीस, आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

नवस फुकट गेला त्याचं काही नाही. पाय माझे होते. पण आईनं तुला शिकवलं आणि मला सोळाव्या वर्षी उजवलं. तुझ्यापेक्षा जास्त असं माझ्याकडे काय होतं? ही चार पोरंच. प्रमोदिनी माझ्यावर जळत असेल, एवढ्यावर मी सासूबाईंचं बोलणं निभावून नेलं. तेही तू काढून घेतलंस.

जळते ती मीच. तुझ्या कपाटावर नाही, पन्हाळ्यावरही नाही. मूल हवं की नको, हे विचारायचं असतं, हेच मला तुझ्या पत्रातून कळलं. पोरं माझा जीव आहेत, त्यातलं एकही मी परत देणार नाही. तरी कुणीतरी विचारायला हवं होतं. तुझ्या दाजींना तसं म्हटलं, तर म्हणाले, त्यात काय इचारायचं हाय? आणि म्हशीला वैरण टाकायला गेले.

काल पौर्णिमेला वाडीला गेले, चप्पल घालून. वाटीभर बासुंदी घेतली आणि बसून, सावकाश, एकटीनं खाल्ली. घरी कुणासाठी बांधून आणली नाही.

बनूला सोळावं लागलंय. दाजी स्थळं बघतायत. परीक्षा झाली की तिला तुझ्याकडे पाठवते, महिनाभर ठेवून घे. तिला काय हवंय ते तू विचार. मला जमणार नाही. कसं विचारतात ते मी कधी ऐकलेलं नाही.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही सांभाळ.

तुझी अक्का