मिठाचा करार आणि एक 'आपण'

पॅसी, पॅरिसजवळ

प्रिय प्रुडन्स काकू,

आपल्या क्वेकर पंथात वाकायचं नाही आणि टोपीही काढायची नाही. तेव्हा टोपीसकट, ताठ उभ्यानं, पण मनापासून विचारतो, तुझे गुडघे कसे आहेत? फिलाडेल्फियाच्या थंडीत जपून अस. आम्ही ठीक. काकांचं पोट इथल्या लोण्याशी अजून भांडतंय.

तू काकांच्या परदेशातल्या वकिलीचं चरित्र लिहायला घेतलंस आणि 'तिथं घडलं ते सगळं कळव' म्हणालीस. सगळं म्हणजे फजितीच गं. बंदुका मागायला आपल्या नव्या देशानं दुसरे वकील पाठवलेत. आपल्याला हिंसा वर्ज्य, म्हणून काकांच्या वाट्याला आलं मीठ मागणं. काकांना फ्रेंचचा गंध नाही, म्हणून दुभाषा मी. आता आपल्यात राजा असो की भिकारी, देवासमोर सगळे सारखे आणि सगळ्यांना 'तू'. मी इमानानं तेच फ्रेंचमध्ये केलं. मंत्री काउंट द वालक्रूझ यांच्यापुढे काका फार भारदस्त बोलले (टोपी डोक्यावरच), आणि माझ्या तोंडून निघालं, "बस रे. तुझ्याकडं मीठ पुष्कळ आहे, थोडं आम्हाला दे." काउंटचा विग हलला. "हा कोण? माझ्या दाईचा मुलगा की काय?" म्हणाले आणि उठून गेले. काका मला विचारतात, "बोलणी छान झाली ना रे?"

मग शेजारच्या सोलांजबाईंनी माझी शिकवणी घेतली. तरुण विधवा, आणि हसल्या की मला शब्द आठवत नसत. म्हणायच्या, "आपल्या देवाला चालत असेल, आमच्या काउंटला नाही चालत. म्हणा, 'आपण'!" अख्खा हिवाळा घोटून घेतलं. शेवटी मी त्यांच्या मांजरालाही 'आपण जरा सरकता का?' म्हणू लागलो. वसंतात पुन्हा भेट मिळाली. मी वाक्यावाक्यात 'आपण' पेरलं, काउंट विरघळले, करार झाला. (काकांना वाटतं त्यांच्या भाषणानं. चरित्रात तसंच लिही.)

पण काकू, त्याच आठवड्यात बाई बागेत मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीठ मिळालं. आता तू जाणार?" मी टुणकन उभा राहिलो आणि घोटलेलं सगळं ओतलं, "आपली आज्ञा होईल तसं. आपले उपकार, आपण..." त्यांनी मटार उचलले आणि आत गेल्या. मला वाटलं, व्याकरण चुकलं. घरी येऊन शब्द न् शब्द तपासला. एकही चूक नव्हती.

चेरी पिकल्या तेव्हा कुठे हे मी आमच्या स्वयंपाकिणीला, जाकोतला, सांगितलं. तिनं कपाळ बडवून घेतलं. "अरे गाढवा! बाई आपणहून 'तू' म्हणते आणि तू 'आपण' म्हणतोस? दार लावलंस की तिच्या तोंडावर!"

"मग आता म्हणू 'तू'?"

"आता? विग बनवणाऱ्या त्या मोरेलला लग्नाचा होकार दिलाय तिनं."

जन्मभर ज्याला त्याला 'तू' म्हणत आलो गं, आणि नेमकी तिथंच माझी जीभ सुधारली. फार वाईट वाटतं.

तुझा पुतण्या,
ओबेद

ता. क. चरित्रात माझ्यासाठी एवढी ओळ घाल, की दुभाष्याचं फ्रेंच शेवटपर्यंत कच्चंच राहिलं. पुस्तक कधी इथवर पोचलंच तर तिला वाटू दे, मला भाषा कळली नव्हती. मला ती नको होती, असं तिला वाटू नये.

आणखी एक ता. क. जाकोत सांगते, बाई मोरेललाही 'आपण'च म्हणते, लग्नानंतरही म्हणेल, इथली रीतच तशी. मी विचारलं, मग 'तू' कोणाला म्हणते? जाकोत म्हणाली, "मांजराला. आणि एकदा तुला."